एक तुंबा जास्त

१

दुरास्नो गावातल्या लोकरीच्या दुकानात निबियाचा दिवस ठरलेला असे. सकाळी दार उघडायचं, गिऱ्हाईक यायच्या आत थर्मास गरम पाण्याने भरायचा, आणि मग दिवसभर लोकर मोजत, गुंडाळत, मधूनमधून येर्बाचे, म्हणजे त्या पाल्याच्या चहासारख्या काढ्याचे, कडू घुटके घेत बसायचं. काउंटरखाली एक वही असे. दुकान रिकामं असलं की निबिया ती वही काढी.

त्या वहीत एक बाई तपकिरी सुटकेस घेऊन बसस्टँडवर उभी होती. सात वर्षं उभी होती.

तिला बसमध्ये चढायचं होतं, एवढीच गोष्ट. पण बस लागली की नेमकं कुणीतरी यायचं. कुणी तिच्या हातात बाळ देऊन "आलेच हं" म्हणून जायचं. कुणाला चिठ्ठी वाचून हवी असायची, कुणाचं संत्र्यांचं पोतं फुटायचं. बाई संत्री गोळा करायची आणि बस निघून जायची.

"चढली का गं तुझी बाई बसमध्ये?" नवरा विल्मार जेवताना विचारायचा.

"अजून नाही."

"अगं म्हातारे, चढव लवकर. आता तिला म्हाताऱ्यांचं सवलतीचं तिकीट काढावं लागेल."

तो चेष्टा करायचा, पण लेखन-शिबिराची जाहिरात त्यानेच कापून आणली. समुद्रकाठी एक आठवडा, भरपूर शांतता, रोज दुपारी एकत्र बसून वाचन. निबियाने ती जाहिरात तीन दिवस एप्रनच्या खिशात ठेवली आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "जाते. पण या आठवड्यात गोष्ट संपली नाही, तर वहीची पानं फाडून त्यांवर लोकर गुंडाळीन. गुंड्यांच्या आत कागद लागतोच."

विल्मार हसला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि हसणं बंद केलं.

२

हिवाळ्यात सांता एउफेमियाला आठवड्यातून एकदाच बस जाते. शनिवारी येते, लोकांना सोडते, पुढच्या शनिवारी घेऊन जाते. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर उभं राहायला जागा नसते. ऑगस्टच्या ऐन थंडीत मात्र घराघरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आणि हमरस्त्यावर एक गाय.

व्हिला ओंदिना हे तिथलं एकमेव उघडं घर. मालकीण एर्सिलिया, मानाने सगळे तिला 'दोन्या' म्हणत, स्वयंपाकघरातून फारशी बाहेर येत नसे. शिबिराला तिघंच होते. वॉशिंग्टन हा बसमधला निवृत्त तिकीट तपासनीस. चौतीस वर्षांच्या नोकरीच्या आठवणी तो कवितेत लिहीत होता. झुल्मा औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेली विधवा. तिच्या भयकादंबरीत आत्तापर्यंत सात प्रेतं पडली होती आणि आठवं कुठे ठेवावं या विवंचनेत ती होती. तिसरी निबिया. शिकवायला अमिल्कार मास्तर. त्यांची दोन पातळशी पुस्तकं छापून आली होती आणि दोन्ही त्यांच्या बॅगेत होती.

सोमवारी दुपारी चार वाजता मास्तरांनी सगळ्यांना दिवाणखान्यात गोल बसवलं. खुर्च्या पाच होत्या.

"पाचवं कोण?" झुल्माने विचारलं.

"मोंतेविदेओचे एक गृहस्थ येणार होते. आजच फोन आला, तापाने पडलेत. राहू दे ती खुर्ची. गोल बरा दिसतो." मास्तरांनी घसा साफ केला. "नियम एकच. वाचनाचा क्रम मोडायचा नाही. आज मी, उद्या वॉशिंग्टन, बुधवारी झुल्माबाई, गुरुवारी निबियाबाई. एकाने नंबर सोडला तर लगेच पुढच्याने वाचायचं. येर्बाचा तुंबा जसा फिरतो ना, तसंच."

"तुंबा भरणार कोण?" वॉशिंग्टनने विचारलं.

सगळ्यांनी निबियाकडे पाहिलं. तिच्याकडे नेहमीच पाहत.

"भरते की," निबिया म्हणाली.

सवयीचंच काम. पोखरलेल्या भोपळ्याचा तुंबा एक, चोखायची नळी एक. पहिला भरणारीने स्वतः प्यायचा, मग परत भरून शेजारच्याला द्यायचा. त्याने शेवटचा फुरका ऐकू येईपर्यंत प्यायचं आणि परत करायचा. तिने पुन्हा भरून त्याच्या पुढच्याला द्यायचा. ज्याला पुरे झालं त्याने तुंबा परत करताना "धन्यवाद" म्हणायचं. म्हटलं नाही, तोवर पुढच्या फेरीत त्याचा वाटा असतोच. त्याला गाळणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

निबियाच्या डावीकडे पाचवी खुर्ची होती, आणि तिच्या पलीकडे मास्तर. मास्तर वाचू लागले. निबिया मान खाली घालून मन लावून ऐकत होती. हात आपोआप भरत होते, पुढे होत होते, परत घेत होते.

तिसरी फेरी झाली आणि थर्मास कोरडा पडला.

निबियाने तो हलवून पाहिला. त्या थर्मासमध्ये पंधरा तुंबे बसतात. सात वर्षं ती रोज मोजत आली होती. चार माणसं, तीन फेऱ्या, बारा झाले. तीन तुंबे गेले कुठे?

थंडीने पाणी आटलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं. नंतर खोलीत गेल्यावर तिला वाटलं, थंडीने पाणी आटत नाही.

३

सकाळची वेळ लिहिण्याची. निबिया खिडकीशी बसली. वहीत लिहिलं : "बस लागली." तेवढ्यात दारावर टकटक झाली. वॉशिंग्टनच्या स्वेटरला कोपरावर भोक पडलं होतं, तिला लोकरीतलं कळतं म्हणून. ते होईतो झुल्माचा चष्मा हरवला. तो सापडला तोवर दोन्या एर्सिलियाला कांदे चिरायला हात हवा होता. दुपार झाली. वहीत "बस लागली" एवढंच होतं.

कांदे चिरताना दोन्या एर्सिलिया म्हणाली, "चार माणसं एवढी येर्बा संपवतात होय? परवा पुडा फोडला, अर्धा गेला."

"थंडी आहे ना," निबिया म्हणाली.

त्या दिवशी मात्र तिने टाके मोजावेत तसे तुंबे मोजले. एक तिचा. दुसरा डावीकडे मास्तरांना. तिसराही मास्तरांना. चौथा वॉशिंग्टनला, पाचवा झुल्माला. मग पुन्हा तिचा.

म्हणजे मास्तर दोनदा पीत होते तर! एवढा शिकलेला माणूस, आणि हावरटपणा बघा. निबियाला त्यांच्यासाठीच लाज वाटली. तिने पुढचा तुंबा भरला. वॉशिंग्टन विनातिकीट प्रवाशांवरची त्याची एकशेदहावी कविता वाचत होता.

वाचन संपल्यावर मास्तरांनीच तिला व्हरांड्यात गाठलं. ते अवघडले होते.

"निबियाबाई, राग मानू नका. पहिला तुंबा भरणाऱ्याचा, तो मान तुमचा आहे. पण दुसराही तुम्हीच घ्यावा, हे जरा..."

"मी?"

"लागोपाठ दोन फुरके ऐकू येतात मला."

"मास्तर, दुसरा तर मी तुम्हाला देते. तुम्ही हात पुढे करून घेता."

"मी एकच घेतो बाई. मला पित्ताचा त्रास आहे."

 मग दोघांनी एकाच वेळी खिडकीतून आत पाहिलं. दिवाणखान्यात पाच खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. चार जरा मागे सरकलेल्या, माणसं उठून गेल्यावर असतात तशा. पाचवी सरकलेली नव्हती.

"वारा फार आहे आज," मास्तर म्हणाले.

४

बुधवारी जेवताना विषय निघालाच. झुल्मा सूप ढवळत होती, पीत नव्हती.

"हे माझ्या कादंबरीत असतं ना, तर मी यावर एकशेवीस पानं लिहिली असती," ती म्हणाली. "इथे मला फक्त घरी जायचंय."

"बस शनिवारी," मास्तर म्हणाले.

"काही नसतं हो असलं!" वॉशिंग्टनने टेबलावर हात आपटला. "चौतीस वर्षं तपासनीस होतो मी. सीटखाली लपलेले पकडलेत, झोपेचं सोंग घेतलेले पकडलेत, एकदा तर नववधू पकडली आहे, घोळदार झग्याखाली धाकटा भाऊ घेऊन निघाली होती. माझ्या डोळ्यांदेखत फुकट कुणी बसूच शकत नाही. बसायला खुर्ची लागते. खुर्ची काढा, विषय संपला."

उठून त्याने ती खुर्ची उचलली, व्हरांड्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि हात झटकत आला.

चार वाजता सगळे जमले. चार खुर्च्या, चार माणसं. मास्तर बसले, झुल्मा बसली, निबिया थर्मास घेऊन बसली. वॉशिंग्टन पँटची इस्त्री सांभाळत आपल्या खुर्चीत बसला आणि तत्क्षणी उठला.

"माफ करा हं," तो म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

बोलून झाल्यावर आपण कुणाशी बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. कानांपर्यंत लाल असलेला त्याचा चेहरा हळूहळू पांढरा झाला. कुणाकडे न बघता तो व्हरांड्यात गेला, ती खुर्ची घेऊन आला, निबियाच्या डावीकडे होती तिथेच ठेवली, तिच्यावरची धूळ रुमालाने पुसली, आणि मग आपल्या खुर्चीवर बोटं टेकवून, चाचपून, सावकाश बसला.

"काय झालं?" झुल्माने विचारलं.

"मांडी होती," वॉशिंग्टन पुटपुटला.

त्यानंतर झुल्माने सातव्या प्रेताचं प्रकरण वाचलं. भयानक होतं म्हणे. कुणीही ऐकलं नाही. सगळे फुरके मोजत होते. पाच, पाच आणि पाच.

शेवटी मास्तर सवयीने म्हणाले, "उत्तम. उद्या निबियाबाई. आणि शुक्रवारी..."

त्यांचे डोळे क्रमाने पुढे सरकले आणि पाचव्या खुर्चीवर थांबले.



५

गुरुवारी निबियाला भीती वाटत होती, पण खुर्चीची नव्हे. वहीची. सात वर्षांची चाळीस पानं, आणि शेवट नाही. असली गोष्ट चारचौघांत वाचायची म्हणजे एक बाही नसलेला स्वेटर घालून लग्नाला जायचं. रात्री तिने ठरवलं होतं, नंबर सोडून देऊ. आयुष्यभर तिने हेच केलं होतं, बेकरीत, दवाखान्यात, सगळीकडे : तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही.

तिने पहिला तुंबा प्याला. दुसरा भरून डावीकडे धरला. तो घेतला गेला. कसा, ते तिने बघितलं नाही. आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "माझं काही तयार नाही. मी आज नाही वाचत. माझ्या पुढच्यांनी..."

पाचवी खुर्ची करकरली.

नीट, सावरून बसताना करकरते तशी. मागे रेललेला माणूस आपलं नाव आल्यावर पुढे येऊन बसतो ना, तशी. पाठोपाठ कागदाची घडी उलगडल्याचा बारीक आवाज आला.

"नाही!" तिघंही एकदम ओरडले.

"वाच गं बाई तू!" झुल्माने तिचा दंड धरला. "वाच! कशीही असू दे!"

"निबियाबाई, अपूर्ण लेखनातच खरी मजा असते," मास्तरांना घाम फुटला होता.

"मी तुमच्या पाया पडतो," वॉशिंग्टन म्हणाला. तिकीट मागताना कुणाच्या पाया न पडलेला माणूस.

निबियाने वही उघडली. इतक्या कळकळीने तिला "वाच" असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

ती वाचू लागली. तपकिरी सुटकेस. बाळ. चिठ्ठी. संत्री. पहिली दहा पानं आवाज कापत होता, मग स्थिरावला. संत्र्यांपाशी वॉशिंग्टन हसला, अगदी खरंखुरं. बसस्टँडवरची संत्री त्याला ठाऊक होती. आणि डावीकडूनही कुणीतरी नाकातून हसल्यासारखं केलं. निबियाने शब्द न चुकवता वाचणं चालू ठेवलं. एकतिसाव्या पानावर दोन्या एर्सिलियाची सहाची खाण्याची घंटा वाजली.

"उरलेलं उद्या," निबिया म्हणाली.

मास्तर जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले, "अगदी नियमात बसतं."

६

शुक्रवारी पाऊस होता. पाऊस पडला की आमच्याकडे सगळा देश पिठाच्या पुऱ्या तळून साखर लावून खातो. दोन्या एर्सिलियाही तळत होती. चौघांनी सकाळीच ठरवलं की आज बैठक नको. नऊ पानं किती पुरणार? ती संपली की पुढचा नंबर कुणाचा, हे कुणी बोललं नाही. ज्याने त्याने आपल्या खोलीत बसायचं, दार लावायचं, उद्या बस.

चार वाजले. निबिया पलंगावर बसून राहिली. दिवाणखान्यात एक खुर्ची सरकली. मग काहीच नाही. मग कुणीतरी वाट पाहताना पाय हलवतं, तसा फरशीवर टप, टप, टप आवाज.

थोड्या वेळाने दोन्या एर्सिलियाच तणतणत वर आली आणि प्रत्येक दारावर झाऱ्याने ठोकू लागली.

"काय हो तुम्ही माणसं! खाली कुणीतरी एकटं येऊन बसलंय केव्हाचं. मी चाहूल ऐकतेय. बोलावता आणि ताटकळत ठेवता? माझ्या घरात असलं चालायचं नाही!"

"कोण बसलंय, दोन्या?" झुल्माने दाराच्या फटीतून विचारलं.

"मला काय माहीत? माझे हात पिठात आहेत. तुमचंच कुणीतरी."

आता भीती होतीच, पण त्याहून लाज मोठी होती. चौघं एकामागून एक खाली उतरले. खुर्च्या रिकाम्या होत्या, पाचही. चौघं आपापल्या जागी बसले. निबियाने तुंब्यात येर्बा घातली, पाणी ओतलं, स्वतः प्याली, पुन्हा भरला आणि डावीकडे धरला.

"उशीर झाला, माफ करा," ती हळूच म्हणाली. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

७

नऊ पानं पाच वाजेपर्यंत पुरली. निबियाने शेवटचं पान उलटलं. त्यावर मंगळवारचे दोनच शब्द होते. "बस लागली," तिने वाचलं.

पुढे कोरं.

डावीकडे कागद वाजला.

"आणि?" झुल्मा किंचाळली. "बस लागली आणि?"

"आणि," निबिया म्हणाली, "एक म्हातारा आला."

"छान! येऊ दे म्हातारा! त्याला पोरं किती? सांग!"

निबिया कोऱ्या पानावरून वाचू लागली. म्हाताऱ्याला पोरं सहा, सहाही सांगितली. त्याच्या हातातली पेटी, पेटीतलं घड्याळ, घड्याळ दुरुस्त करणारा शेजारी. वॉशिंग्टन मान डोलावून उत्तेजन देत होता. मास्तर मनगटावरचं घड्याळ बघत होते. साडेपाच. घंटेला अर्धा तास.

पण गोष्ट आता निबियाचं ऐकेना. कधी नव्हे ती बाई समोर लख्ख दिसत होती. पेटी तिच्या हातात द्यायला म्हातारा पुढे झाला आणि बाईने हात पुढे केले नाहीत. सात वर्षांत पहिल्यांदा.  शेवट आला होता. आत्ता या क्षणी आला होता, आणि परत पाठवला असता तर पुन्हा आला नसता, हे तिला लोकरीचा धागा बोटाला कळावा तसं कळलं.

झुल्माने वाक्याचा सूर ओळखला. सात प्रेतं लिहिणारीला शेवट लांबून ओळखता येतो. "संपवू नकोस," ती दातांतून म्हणाली. "निबिया, अगं देवासाठी. अजून एक म्हातारा आण."

निबियाने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"बाई म्हणाली, 'मला बस पकडायची आहे, आजोबा.' आणि ती चढली. खिडकीची जागा मिळाली. सुटकेस तिने शेजारच्या सीटवर ठेवली. मग विचार केला, कुणाला बसायचं असेल, म्हणून उचलून मांडीवर घेतली. बस सुटली." तिने वही मिटली. "संपली."

वॉशिंग्टनने रुमालाने डोळे पुसले. मास्तरांचे ओठ हलले आणि वीस वर्षांच्या सवयीने शब्द बाहेर पडले :

"सुंदर. पुढचे?"

झुल्माने त्यांच्याकडे असं पाहिलं, की आठवं प्रेत कुणाचं हे ठरलंच.

८

निबियाने तुंबा भरला. येर्बा पार धुतली गेली होती, पाण्याला चव उरली नव्हती, पण फेरी ती फेरी. आज पहिल्यांदा तिने डावीकडे तुंबा धरताना मान वळवली.

दोन बोटं आणि एक अंगठा. तुंबा त्यांनी हळू, सभ्यपणे घेतला. मधल्या बोटाच्या कडेला शाईचा जुना डाग होता, आणि तिथे कातडीला घट्टा पडलेला, वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांच्या बोटाला पडतो तसा. तिच्या स्वतःच्या बोटालाही होता, लहानसा. मनगटाच्या वर तिने पाहिलं नाही.

फुरका झाला. तुंबा तिच्या हातात परत आला. "धन्यवाद" कुणी म्हटलं नाही.

मग सुतळीची गाठ सुटल्याचा आवाज आला. कागद मांडीवर उभे ठोकून सारखे केले गेले. एकदा ठोकले, गठ्ठा फिरवला, पुन्हा ठोकले. उरलेला भाग खाली ठेवला असावा, कारण फरशीवर काहीतरी जड टेकलं. मग आणखी एक.

"केवढी आहे?" वॉशिंग्टन श्वास न घेता म्हणाला.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यात त्यांनी कितीतरी हौशी लेखकांचे गठ्ठे ऐकले होते. जाडी त्यांना आवाजावरून कळत असे. "तीन खंड," ते म्हणाले.

खुर्चीत कुणीतरी घसा साफ केला. छातीत भरपूर हवा घेतली, पहिल्या वाक्याला लागते तेवढी.

घण् घण् घण्!

"पुऱ्या गार होतायत!" दोन्या एर्सिलिया ओरडली. घंटा सतरा मिनिटं लवकर वाजली होती, आणि जगातल्या कुठल्याही घंटेचं इतकं स्वागत झालं नसेल. मास्तर पहिले पळाले. वॉशिंग्टनने झुल्माला पुढे घातलं आणि मग विचार बदलून स्वतः पुढे गेला.

निबिया थर्मास, तुंबा, येर्बाचा डबा गोळा करून सर्वांत शेवटी दारापाशी आली. तिथे तिचे पाय अडखळले. मागे अगदी शांत होतं. आणि त्या शांततेत तिला ऐकू आलं, घेतलेला श्वास कुणीतरी सावकाश, काहीही न बोलता सोडून दिला.

तो आवाज तिला चांगला ओळखीचा होता. सात वर्षं काउंटरच्या मागे तिने तोच केला होता, दर वेळी गिऱ्हाईक आलं की.

९

शनिवारी बस वेळेवर आली. झुल्मा आणि मास्तर दाराजवळच्या सीटवर एकमेकांना चिकटून बसले. वॉशिंग्टन उभाच राहिला. जागा होत्या, पण त्याने बसायला नको म्हटलं.

निबियाला खिडकी मिळाली. बॅग तिने मांडीवर घेतली. पहिल्या थांब्यावर केकचा मोठा खोका घेतलेला एक गृहस्थ चढला, तिच्या शेजारी बसायला वाकला आणि तसाच मागे झाला.

"माफ करा हं," तो शेजारच्या सीटला म्हणाला. "खोक्यामुळे दिसलं नाही." आणि पुढे निघून गेला.

निबियाने बाहेर पाहिलं. शेतं, तारा, ओल्या मेंढ्या. बऱ्याच वेळाने तिने बॅगेतून थर्मास काढला, तुंबा भरला, स्वतः प्याली. पुन्हा भरला. खिडकीतून नजर न काढता तो बाजूला धरला. पुढच्या सीटवरच्या पोरीने मागे वळून पाहिलं, आणि पुन्हा घाईघाईने पुढे पाहिलं.

घरी पोचली तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. विल्मारने शेगडी पेटवली होती, पाणी तापत ठेवलं होतं, आणि टेबलाशी दोन खुर्च्या ओढल्या होत्या. तिची बॅग हातात घेता घेता त्याने आधी तेच विचारलं.

"चढली का गं बाई बसमध्ये?"

"चढली."

"खरंच?" त्याने बॅग खाली ठेवली. तिला इतका आनंद झालेला त्याने पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता, आणि इतकी फिकटही ती कधी दिसली नव्हती. "म्हणजे पानांवर लोकर नाही गुंडाळायची? संपली गोष्ट?"

"माझी संपली," निबिया म्हणाली, आणि भिंतीकडची तिसरी खुर्ची टेबलाशी ओढली.